मुंबई ते नागपूर : आकाशातील अंतर आणि घड्याळातील वेळ

मुंबईहून नागपूर किती दूर आहे, या साध्या प्रश्नाला निदान तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही खरी आहेत. रेल्वेच्या वेळापत्रकात हे अंतर ८३७ किलोमीटर दिलेले असते. जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला होऊन पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. मात्र तो ठाणे जिल्ह्यातील आमणे येथे संपतो, हे ध्यानी ठेवले पाहिजे. दोन्ही शहरांच्या विमानतळांमधील सरळ अंतर मात्र सुमारे ६८३ किलोमीटर भरते. रेल्वेला थळ घाट चढावा लागतो, मनमाड-भुसावळचा रस्ता धरावा लागतो. महामार्गालाही डोंगर, नद्या आणि गावे यांचा विचार करावा लागला. आकाशात डोंगर आडवे येत नाहीत, म्हणून विमानाचा मार्ग अगदी सरळ असेल असा आपला समज असतो. तो समज अर्धाच खरा आहे. तसेच, ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला ६८३ किलोमीटर तोडण्यास पाऊण तास पुरे असताना वेळापत्रकात जवळजवळ दीड तास का दाखविलेला असतो, हाही प्रश्न प्रवाशांच्या मनात येतो. या दोन प्रश्नांची उत्तरे शाळेतील भूगोल आणि गणित यांच्या आधारे देता येतात.

अंतर कसे मोजतात

विमानतळांमधील अंतर साखळीने किंवा मोटारीच्या काट्याने मोजलेले नसते. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरविलेला असतो व त्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केलेले असतात. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे १९.०९ अंश उत्तर अक्षांशावर व ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, म्हणजे नागपूरकरांचे सोनेगाव, सुमारे २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक २ अंशांचा व रेखांशांतील फरक ६.१८ अंशांचा झाला.

अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर सर्वत्र साधारण १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाच्या अंशाचे तसे नाही. विषुववृत्तावर तोही १११ किलोमीटरचा असतो, परंतु सर्व रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत असल्याने उत्तरेस सरकावे तसतसा तो आखूड होत जातो. विसाव्या अक्षांशाच्या आसपास, म्हणजे आपल्या राज्यात, त्याची लांबी सुमारे साडेएकशेचार किलोमीटर भरते. तेव्हा नागपूर मुंबईच्या उत्तरेस २२२ किलोमीटर आणि पूर्वेस ६४६ किलोमीटर आहे, असे म्हणता येईल. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या; कर्ण काढण्याचे पायथागोरसचे सूत्र आठवीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. २२२ आणि ६४६ यांच्या वर्गांची बेरीज ४,६६,६०० येते व तिचे वर्गमूळ ६८३. शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर अवश्य करून दाखवावे. नकाशा, गोल आणि भूमिती यांचा एकत्र उपयोग दाखविणारी इतकी सोपी उदाहरणे फार थोडी आहेत.

काटकोन त्रिकोणाची ही रीत थोड्या अंतरासाठी चालते. अंतर हजारो किलोमीटरचे असले की पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब गोलीय भूमितीने करावा लागतो. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्ताचा असतो. पृथ्वीच्या मध्यातून कापल्यासारखे जे वर्तुळ त्या दोन बिंदूंतून जाते, ते बृहद्वृत्त. शाळेतील गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क या ठिकाणी सुताची दोन टोके धरून ते ताणले, की सूत अरबी समुद्र व आफ्रिका यांवरून न जाता उत्तरेकडे चढून युरोपच्या अंगाने जाते. भिंतीवरील सपाट नकाशात हाच मार्ग धनुष्यासारखा वाकडा दिसतो. मार्ग सरळच असतो, सपाट केलेला नकाशा वाकडा असतो. मुंबई-नागपूर इतक्या अंतरावर हा फरक किलोमीटरभराचाही पडत नाही.

वैमानिक मात्र हे अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही, तो सागरी मैल वापरतो. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले असता त्यांपैकी एक भाग, म्हणजे एक मिनिट, साधारण एका सागरी मैलाइतका होतो. त्याची लांबी १.८५२ किलोमीटर निश्चित केलेली आहे. नकाशाच्या कडेवरील अंशांवरून अंतर थेट वाचता येते, ही या मापाची सोय. दर्यावर्दींचे हे माप विमानांनी तसेच उचलले. त्या हिशेबाने नागपूर मुंबईपासून सुमारे ३६९ सागरी मैल आहे.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तो जुन्या विमानतळाच्या आग्नेयेस असल्याने तेथून नागपूरचे अंतर पंधराएक किलोमीटरने कमी भरते. विमानाच्या दृष्टीने ही बचत मिनिटाभराची आहे. प्रवासी पनवेलचा आहे की बोरिवलीचा, यावर त्याचा खरा लाभ-तोटा ठरतो.

मार्ग सरळ का नसतो

विमाने आकाशात वाटेल तशी उडत नाहीत. हवाई मार्ग आखलेले असतात व त्यांवर ठरावीक मार्गबिंदू असतात. उड्डाण केल्यावर कोणत्या वळणाने बाहेर पडावयाचे आणि उतरताना कोणत्या क्रमाने आत यावयाचे, हेही नेमलेले असते. मुंबईत समुद्रावरून वारा येत असल्याने व विमान वाऱ्याकडे तोंड करूनच चढते वा उतरते म्हणून, बहुतेक विमाने पश्चिमेकडे तोंड करून उड्डाण करतात. पूर्वेस नागपूरला निघालेल्या प्रवाशास प्रथम अरबी समुद्र दिसतो तो यामुळेच. विमान पाण्यावर जाऊन वळते आणि मग सह्याद्रीकडे येते. सरळ अंतरात न धरलेले काही किलोमीटर येथेच खर्ची पडतात. सोनेगावला उतरतानाही धावपट्टीच्या दिशेशी जुळवून घेण्यास वळसा पडतो.

याशिवाय संरक्षण दलांच्या कामासाठी राखून ठेवलेले आकाश असते. भारताचे जेमतेम साठ टक्के हवाई क्षेत्र नागरी विमानांना मोकळेपणे वापरता येते, असे केंद्र शासनाने मे २०२० मध्ये सांगितले होते. हे निर्बंध शिथिल करून मार्ग आखूड केल्यास नागरी विमान वाहतुकीस वर्षाकाठी सुमारे एक हजार कोटी रुपयांचा लाभ होईल, असा अंदाजही तेव्हा देण्यात आला. आकाशातील वळसा हा फुकट नसतो, हे त्या आकड्यावरून दिसते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र बंद केले व ते जुलैपर्यंत खुले केले नाही. त्या काळात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियास ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड बसला. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा तसेच घडले आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून फेरा घ्यावा लागला. दोन्ही वेळी विमानतळ जागचे हलले नव्हते, त्यांमधील भूगोलाचे अंतरही तेच होते.

वेळेचा हिशेब

६८३ किलोमीटरला ताशी ८५० ने भागले की ४८ मिनिटे येतात. हा भागाकार बरोबर असला तरी उत्तर उपयोगाचे नाही, कारण ८५० चा वेग विमानास संपूर्ण प्रवासात मिळत नाही. मुंबई-नागपूर मार्गावर चालणाऱ्या ए-३२० सारख्या जेट विमानास दहा किलोमीटर उंची गाठण्यास सुमारे वीस-बावीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात ते साधारण दोनशे किलोमीटर गेलेले असते. उतरण्यास सुरुवातही नागपूरच्या अलीकडे सुमारे दोनशे किलोमीटरवर करावी लागते. हा उतार पंचवीस मिनिटे चालतो. मध्ये उरतात जेमतेम पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, म्हणजे पूर्ण वेगाची वीस मिनिटे. हवेतील काळ असा पासष्ट ते सत्तर मिनिटांचा होतो. चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वीच तो परत घेण्याची घाई का सुरू होते, हे यावरून समजावे.

वेळापत्रकातील वेळ याहूनही अधिक असते. ती मोजली जाते विमान जागचे हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंत. विमानाच्या चाकांखालील अडसर काढणे व पुन्हा घालणे या दोन क्रियांमधील हा काळ, म्हणून त्यास ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, परंतु त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी दोहोंचा स्वतंत्रपणे उपयोग करता येत नाही आणि व्यवहारात एकाच धावपट्टीवर साऱ्या विमानांचा भार पडतो. गर्दीच्या वेळी उड्डाणासाठी रांग लागते, उतरणाऱ्या विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. नागपुरात जमिनीवरील हे चालणे पाच-सात मिनिटांत आटोपते, मुंबईत पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. सत्तर मिनिटांत ही भर घातली की वेळापत्रकातील दीड तासाचा उलगडा होतो. कंपन्या त्यात थोडी सैल जागा ठेवतात हेही खरे; वेळेवर पोहोचल्याची नोंद सर्वांनाच हवी असते.

वाऱ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. विमानाचा ताशी ८५० हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या तुलनेत नव्हे. हवा स्वतःच पुढे जात असेल तर विमानही तेवढे अधिक पुढे जाते. नदीत प्रवाहाबरोबर व प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावेचे गणित येथे जसेच्या तसे लागू पडते. हिवाळ्यात उत्तर भारतावर फार उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हवामानशास्त्रात त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्याच्या दक्षिणेकडील काठावर, आपल्या राज्याच्या उंच आकाशातही, पश्चिमेचा वारा कित्येकदा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. नागपूरची दिशा मुंबईपासून पूर्व-ईशान्य असल्याने जाताना हा वारा बहुतांशी पाठीचा आणि येताना समोरचा होतो. म्हणून हिवाळ्यात नागपूरला जाण्यापेक्षा मुंबईस परतण्यास काही मिनिटे अधिक लागतात. पावसाळ्यात हे चित्र पालटते. त्या काळात दक्षिण भारतावर फार उंच पूर्वेकडून वाहणारा जेट प्रवाह असतो, परंतु त्याचा मुख्य झोत नागपूरच्या बराच दक्षिणेस राहतो.

जाताना वाचले ते येताना गेले, म्हणजे हिशेब सारखाच, असे वाटण्याचा संभव आहे. तसे होत नाही. सोयीसाठी सारा प्रवास पूर्ण वेगाने होतो असे धरू व अंतर ६८० किलोमीटर घेऊ. वारा नसताना जाणे-येणे ४८ व ४८ मिळून ९६ मिनिटांचे. ताशी १०० किलोमीटरचा वारा असता जाताना वेग ९५० व वेळ सुमारे ४३ मिनिटे, येताना वेग ७५० व वेळ सुमारे साडेचोपन्न मिनिटे. एकूण ९७ मिनिटांहून थोडे अधिक. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, म्हणून तोट्याचे पारडे नेहमी जड होते.

इंधनही केवळ अंतरावरून भरीत नाहीत. ठरलेल्या प्रवासाचे इंधन, त्यावर मार्गातील अनपेक्षित कारणांसाठी काही टक्के, नागपूर धुके वा वादळाने बंद झाल्यास पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे आणि त्यानंतरही तीस मिनिटे आकाशात थांबण्याचे इंधन जेट विमानात असावे लागते.

घड्याळ मात्र बदलावे लागत नाही, कारण १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावरील भारतीय प्रमाणवेळ अस्तित्वात आहे. मुंबईने आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत जपली होती; ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. सूर्य अर्थातच कोणाची प्रमाणवेळ पाळीत नाही. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, त्यामुळे नागपूरचा मध्यान्ह मुंबईच्या मध्यान्हाआधी सुमारे पंचवीस मिनिटे होतो. मुंबईहून स्वच्छ उन्हात निघालेला सायंकाळचा प्रवासी सोनेगावला अंधारात का उतरतो, याचे अर्धे कारण हे आहे.

मध्यभागाचे महत्त्व

नागपूरच्या या स्थानाचा देशाने एकेकाळी फार मोठा उपयोग करून घेतला. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून रात्री विमाने निघत व नागपुरास एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या ठिकाणी परते. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे वेगळा हवाई आकार न घेता विमानाने नेण्यास प्रारंभ झाला. दिल्लीत सायंकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासेत वाटले जाऊ लागले. १ ऑगस्ट १९५३ रोजी इंडियन एअरलाइन्स अस्तित्वात आल्यावर हे काम तिच्याकडे आले.

नागपूर हे चारही शहरांच्या बरोबर मध्यावर होते असे मात्र नाही. मुंबई ६८३ किलोमीटर, दिल्ली सुमारे ८५५, मद्रास सुमारे ९१० व कलकत्ता सुमारे ९८० किलोमीटर. त्या काळातील डकोटा विमानाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे मुंबईच्या विमानास अडीच तास, तर कलकत्त्याच्या विमानास साडेतीन तासांहून अधिक. एकाच्या विलंबाने चौघांचा खोळंबा, असा हा मामला होता. अंतर व वेळ यांचे गणित तेव्हा टपाल खात्याला रोज रात्री सोडवावे लागे. पुढे वेगवान विमानांची थेट उड्डाणे वाढली व मध्यावर भेटण्याची गरज उरली नाही.

मिनिटांचे मोल

आज हे गणित सर्वांत कठोर होते ते अवयवदानाच्या वेळी. मेंदूमृत दात्याचे हृदय शरीराबाहेर काढल्यापासून साधारण चार तासांत रुग्णाच्या शरीरात पुन्हा सुरू व्हावे लागते. यकृतास सुमारे बारा तास व मूत्रपिंडास चोवीस तास किंवा त्याहून अधिक मिळतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर अशा चार विभागीय केंद्रांमार्फत अवयवांचे वाटप होते. नागपूरचे हृदय मुंबईच्या रुग्णास द्यावयाचे ठरले असे समजू. नागपुरातील रुग्णालय ते सोनेगाव, पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवला तर वीस मिनिटे. विमानात चढविणे व उड्डाण पंधरा मिनिटे. हवेत सत्तर-पंचाहत्तर मिनिटे. मुंबईत उतरून रुग्णवाहिकेपर्यंत दहा मिनिटे. तेथून रुग्णालय पंचवीस मिनिटे. हे १४५ मिनिटे झाले. हृदय जोडण्यास एक तास धरला की २०५. चार तासांपैकी हाती राहिली पस्तीस मिनिटे. मुंबईच्या आकाशात वीस मिनिटे घिरट्या घालाव्या लागल्या किंवा अंधेरीत गाडी अडकली, तर हा सारा खटाटोप व्यर्थ जाऊ शकतो. म्हणूनच अशा विमानास उतरण्यात अग्रक्रम दिला जातो व रस्त्यावर हरित मार्ग केला जातो. समृद्धी महामार्गाचे आठ तास मूत्रपिंडास पुरतील, यकृतासही कदाचित पुरतील. हृदयाला ते पुरत नाहीत.

हवाई प्रवासाचा विचार करताना विमानतळ ते विमानतळ हे अंतर पुरेसे नसते, ही गोष्ट ग्रामीण भागातील लोकप्रतिनिधींना सांगावी लागत नाही. दुरंतो गाडीला नागपूरपर्यंत सुमारे अकरा तास लागतात. विमानाचा दीड तास, आधी विमानतळावर हजर राहण्याचे दोन तास आणि दोन्हीकडचा रस्ता मिळून साडेचार-पाच तास होतात, तरी निम्म्याहून अधिक वेळ वाचतो. परंतु गडचिरोलीच्या माणसास सोनेगाव गाठण्यासच सुमारे १७० किलोमीटर रस्ता कापावा लागतो. त्याच्या प्रवासातील सर्वांत लांब भाग जमिनीवरचाच असतो.

लहान शहरे हवाई नकाशावर आणण्यासाठी केंद्र शासनाने २०१६ मध्ये उडान योजना आणली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली उड्डाणे झाली, त्यांत नांदेड-हैदराबाद हे एक होते. सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणजे साधारण एक तासाच्या प्रवासास योजनेतील आसनांसाठी अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा प्रारंभी ठरविण्यात आली व कमी-अधिक अंतरांसाठी त्या प्रमाणात दर बांधून देण्यात आले. येथे अंतर ही केवळ माहिती राहिली नाही. भाडे व विमान कंपनीस द्यावयाचे अर्थसाहाय्य त्यावर बेतले गेले. अशा लहान मार्गांवर पंख्याची, म्हणजे टर्बोप्रॉप विमाने का परवडतात, हेही वरील हिशेबावरून कळेल. मुंबई-नांदेड हे अंतर सुमारे ४६७ किलोमीटर आहे. एवढ्या मार्गावर जेट विमानास पूर्ण वेगाने उडण्यास दहा मिनिटेही धड मिळत नाहीत, तर ताशी पाचशे किलोमीटरचे टर्बोप्रॉप फार उंच न चढता थोड्याच अधिक वेळात पोहोचते आणि इंधन बरेच कमी जाळते. शिवाय त्याला आखूड धावपट्टी पुरते. जिल्ह्याच्या ठिकाणी विमानतळाची मागणी करताना मोठी जेट विमाने उतरण्याजोगी लांब धावपट्टीच हवी असा आग्रह धरला जातो. जवळच्या शहरांशी जोडावयाचे असेल तर प्रथम तेथून जावयाचे अंतर मोजून पाहावे. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची आहे. टर्बोप्रॉप विमानाचे काम त्याच्या निम्म्या लांबीत भागते, आणि संपादन करावी लागणारी शेतजमीनही त्याच मानाने कमी होते.